मोमिनाबादची शाळा आणि मत नसलेले नागरिक

१९३५ साली अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. बालाघाटाच्या डोंगररांगेवरचे हे गाव मुकुंदराज आणि दासोपंतांचे, योगेश्वरीच्या देवळाचे. आणि निजामाच्या राज्यात घोडदळाच्या छावणीचेही. त्या वर्षी गावातल्या योगेश्वरी नूतन विद्यालयात एक नवे मुख्याध्यापक रुजू झाले. भगवी वस्त्रे नेसणारे, तिशी नुकतीच ओलांडलेले संन्यासी. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, आता स्वामी रामानंद तीर्थ.

पुढच्या सतरा वर्षांत या शाळेच्या आसपास जे घडले, तो बीड जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, सभेला परवानगी लागत होती आणि पक्ष काढायच्या आधीच त्यावर बंदी येत होती. अशा राज्यात मिसरूड न फुटलेली मुले नागरिक कशी झाली, हे समजून घ्यायचे तर त्या राज्याची घडण आधी पाहावी लागते.

हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे पाच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. राज्याचे नाणे वेगळे, त्याला लोक हाली सिक्का म्हणत. टपाल वेगळे, जकात वेगळी. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि बाहेरून येणाऱ्या मालाची तिथे झडती होई. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, तर कारभार उर्दूत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाची भाषाही उर्दू होती. भारतीय भाषेत विज्ञान आणि वैद्यक शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला तो परकाच होता. मायबोलीत पुढे शिकायचे तर खाजगी शाळेशिवाय वाट नव्हती.

आणि खाजगी शाळेला परवानगी लागे. आखाड्याला परवानगी, वाचनालयाकडे संशयाची नजर, गणेशोत्सवातल्या मेळ्यांवर पोलिसांचे लक्ष. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने सार्वजनिक सभेसाठी आधी सरकारची मंजुरी घेणे सक्तीचे केले होते. चार माणसे एकत्र बसून गावच्या पाण्याविषयी बोलली, तरी त्यात राजद्रोह शोधता येईल इतका तो हुकूम सैल होता. बीड जिल्ह्याची पश्चिम आणि दक्षिण कड मात्र मुंबई इलाख्याला लागून. आष्टीहून निघालेला माणूस दिवसभराच्या चालीत जामखेडच्या मुलखात पोहोचे. तिथे वर्तमानपत्र उघड मिळे आणि जाहीर सभा होई. एकाच भाषेची, एकाच दुष्काळाने पोळलेली दोन गावे दोन राज्यांत होती आणि त्यांतल्या एकातला तरुण जे मोकळेपणाने करू शकत होता, ते दुसऱ्यातल्याला तुरुंगात नेणारे होते. या तुलनेनेच मराठवाड्यातली एक पिढी अस्वस्थ केली, असे मला वाटते. सरहद्द नसती, तर गुलामी इतकी स्वच्छ दिसली नसती.

स्वामीजींचा प्रवास या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा आहे. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. सोलापुरात शिकत असताना असहकाराची हाक आली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे टिळक महाविद्यालयाची परंपरा आणि मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम. कामगार चळवळीत संघटना कशी बांधतात, सभासद कसे नोंदवतात, कागदपत्र कसे ठेवतात हे त्यांनी तिथे पाहिले. प्रकृतीने दगा दिल्यावर ते निजामी मुलखातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. उस्मानाबाद जिल्ह्यातली ही शाळा १९२१ पासून चालू होती. संन्यास घेतला तोही याच काळात. हिप्परग्याचे काम थांबल्यावर त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी अंबाजोगाई गाठली.

योगेश्वरीच्या शाळेची सुरुवात १९१७ सालची. मराठवाड्यातल्या मोजक्या खाजगी मराठी शाळांपैकी ती एक. नव्या मुख्याध्यापकांनी वर्गात राजकारण शिकवले, असे समजण्याचे कारण नाही. तसे केले असते तर शाळेला टाळे लागायला वेळ लागला नसता. त्यांनी शिकवली ती शिस्त, व्यायाम, वाचन आणि मुलांनी मुलांच्या कामाची जबाबदारी घेण्याची रीत. शिक्षक मुलांबरोबर राहत. खेड्यातून आलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा असा मोठा माणूस भेटे, जो त्याचे ऐकून घेई. हुकूम सोडणारे जमीनदार आणि हुकूम पाळणारे वडील एवढेच पाहिलेल्या मुलासाठी ही नवीन गोष्ट होती. स्वामीजींनी १९६७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत या शिक्षकी वर्षांचे ऋण मानले आहे. पुढच्या लढ्यातली माणसे त्यांना इथेच सापडली.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. राजकीय संघटनेला वाव नसल्याने भाषेच्या आणि प्रांताच्या नावाने एकत्र येण्याची ही युक्ती होती. तेलंगणात आंध्र परिषदेने ती आधीच केली होती. दुसरे अधिवेशन १९३८ साली लातूरला झाले. परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी स्वामीजींवर आली आणि त्यांनी मोमिनाबादची शाळा सोडली. शिक्षक हैदराबादला गेला. त्याचे विद्यार्थी गावोगाव उरले.

त्या वर्षी घटना भराभर घडल्या. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचे ठरले आणि ती रीतसर उभी राहण्याआधीच सप्टेंबरमध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानलांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. पाठोपाठ स्वामीजींची तुकडी गेली. त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. मागणी एकच होती : राजाच्या छत्राखाली का होईना, पण लोकांना जबाबदार राज्यपद्धती हवी.

पण मुलांच्या लढ्याला तोंड फुटले वेगळ्याच कारणाने आणि वेगळ्याच जागी. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुले येत, बीडचीही. शेरवानी-पायजम्याच्या गणवेशावरून आधीच कुरबुर होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये वसतिगृहातल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याला मनाई झाली. मुलांनी मनाई मानली नाही, वर्गांवर बहिष्कार टाकला. महिना संपायच्या आत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात तेच घडले. गुलबर्गा आणि महबूबनगरकडे लोण पसरले. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. माफी मागणाऱ्यांना परतीची वाट होती, पण बहुतेकांनी ती घेतली नाही.

इथे थोडे थांबायला हवे, कारण हा प्रसंग आज एका घोषणेपुरता सांगितला जातो. त्या गीताबद्दल मुसलमान सहाध्यायांच्या मनात खरी अडचण होती आणि ती दूर करण्यासाठीच काँग्रेसने १९३७ साली सभांतून पहिली दोनच कडवी म्हणण्याचे ठरवले होते. हैदराबादेत त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रहही चालू होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर जमातीचा रंग चढत होता. मुलांचा मुद्दा मात्र स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीत काय म्हणायचे ते सरकारने ठरवू नये, हा होता. हा नागरी हक्काचा मुद्दा आहे, असे त्यांना समजावून सांगणारा एक तरुण शिक्षक औरंगाबादेत होता. गणितात कलकत्त्याहून पदवी घेऊन आलेले गोविंदभाई श्रॉफ तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मुलांच्या बाजूने उभे राहण्यासाठी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि त्यांच्याभोवती अभ्यासमंडळ जमले. मार्क्स, गांधी आणि युरोपातल्या क्रांत्या या मंडळात वाचल्या गेल्या.

काढून टाकलेल्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न मोठा होता. गरीब घरातून आलेला, अर्धवट शिकलेला मुलगा गावी परत गेला की चळवळ आणि शिक्षण दोन्ही संपणार. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांसाठी दार उघडले. त्यांना प्रवेश देण्यात आला, आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनीही तिथेच शिक्षण पूर्ण केले. या निर्णयाचे महत्त्व मला फार वाटते. ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती विद्यार्थ्याला गप्प बसवण्याचे सगळ्यात जुने हत्यार आहे आणि एका कुलगुरूने ते बोथट केले.

गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह मागे घेतला. १९३९ मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या. त्यांत प्रतिनिधी धंद्यांनुसार निवडायचे होते, म्हणजे जहागीरदारांचे वेगळे, वकिलांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे. एक माणूस एक मत या कल्पनेला तिथे जागाच नव्हती. ज्यांच्याकडे धंदा नाही, जमीन नाही, त्या तरुणांना तर त्या कागदावर अस्तित्वच नव्हते.

पुढची सात-आठ वर्षे बाहेरून शांत दिसतात. महाराष्ट्र परिषद भरत राहिली, १९४१ साली उमरीला तिचे अधिवेशन झाले. स्वामीजी १९४० मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. नागपूर आणि इतर ठिकाणांहून शिकून आलेली मुले आता वकील, शिक्षक, पत्रकार झाली होती. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली तेव्हा स्टेट काँग्रेसला नव्याने माणसे गोळा करावी लागली नाहीत.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने भारतात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी लढा पुकारला आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. देशभर रोषणाई होत असताना बीडमध्ये तिरंगा फडकवणे हा गुन्हा होता. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. कार्यक्रम साधा होता आणि खेड्यातल्या पोराला जमेल असाच : शिंदीची झाडे तोडायची, कारण त्यांच्या ताडीच्या उत्पन्नावर सरकार चाले, लेव्हीचे धान्य द्यायचे नाही, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करायचे. जो नाका आजवर मराठी माणसाला मराठी माणसापासून तोडत होता, त्याच्यावर रोख धरण्यात एक सरळ अर्थ होता.

लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेने दहशत वाढवली, तसे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे सरकले. नगर, सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांच्या कडेने छावण्या उभ्या राहिल्या. तिथे तरुणांनी बंदुकीबरोबर शिधा, औषधपाणी, निर्वासितांच्या नोंदी आणि पत्रके हेही सांभाळले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर छापा घालून कार्यकर्त्यांनी मोठी रोकड आणली आणि तिचा पैचा हिशेब ठेवला. या हिशेबाची आठवण मराठवाड्यात अजून अभिमानाने सांगितली जाते. अनंत भालेराव यांनी या लढ्याच्या इतिहासात अशा अनेक नोंदी जपून ठेवल्या आहेत. ते स्वतः त्या तरुणांपैकीच एक होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले. तिसऱ्या दिवशी मोमिनाबादला गोवळकोंडा लान्सर्सने किरकोळ प्रतिकार करून शरणागती पत्करली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली.

यानंतरच्या काही आठवड्यांविषयी मराठवाड्यातल्या समारंभांत सहसा बोलले जात नाही. मुसलमान वस्त्यांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी केली आणि तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून सांगितले. मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. अहवाल दशकानुदशके दडवून ठेवला गेला. नागरी हक्कांसाठी तुरुंगात गेलेल्या पिढीच्या विजयाला लागलेला हा डाग आहे. तो सांगितल्याशिवाय त्या पिढीच्या त्यागाचेही खरे मोल कळणार नाही.

आणि मग मत आले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला. चौदा वर्षांपूर्वी वसतिगृहातून काढलेली मुले तिशीत आली होती आणि त्यांच्या आया, बहिणी, शेतावरचे सालगडी त्यांच्याबरोबर रांगेत उभे होते. बीडने लोकसभेवर कोणाला पाठवले? मुक्तिलढा जिंकणाऱ्या काँग्रेसच्या उमेदवाराला नाही. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या डाव्या आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. हेच ते बाबासाहेब परांजपे, हिप्परग्याहून अंबाजोगाईला आलेले शिक्षक. स्वामीजी काँग्रेसच्या वतीने गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले. एकाच शाळेतले दोन सहकारी पहिल्या संसदेत समोरासमोरच्या बाकांवर बसले. मतभेद झाले म्हणून नाते तुटले नाही, आणि नाते होते म्हणून मतभेद लपवले नाहीत.

हा स्वभाव बीड जिल्ह्याने पुढेही बराच काळ टिकवला. १९६७ मध्ये साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. त्याच काळात अंबाजोगाईत वेगळ्या विचारांची दोन मुले शिकून बाहेर पडली होती. प्रमोद महाजन आणि नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे, दोघांचाही जन्म १९४९ चा. ते विद्यार्थी चळवळीतून आले आणि आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात गेले. समाजवादी परंपरेतले डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली याच गावात ‘मानवलोक’ उभी केली. लहानशा गावातून डावे, उजवे आणि समाजवादी असे तिन्ही प्रवाह निघाले. याला योगायोग म्हणणे मला पटत नाही. तरुणांनी सार्वजनिक कामात पडावे, हे या गावाने स्वामीजींच्या काळापासून स्वाभाविक मानले होते.

तरुणांची ही ताकद नेहमी न्यायाच्या बाजूने राहिली, असे मात्र नाही. १९७४ साली वसमतला पोलिसांच्या गोळीबारानंतर विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन पेटवले. रोजगार, रेल्वे, सिंचन यांची ती मागणी होती आणि ती रास्त होती. चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि विरोधाच्या नावाखाली मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. विरोध करणाऱ्यांत विद्यार्थी होते, आणि समर्थनार्थ रस्त्यावर उतरणाऱ्यांतही विद्यार्थी होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मुक्तिलढ्यातून आलेले काही नेते नामांतराच्या विरोधात होते, ही गोष्ट आजही बोचते. एका हुकुमाविरुद्ध लढलेल्या माणसाला दुसऱ्याची गुलामी आपोआप दिसत नाही.

मताचे वय एकवीसवरून अठरावर आले ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने. ब्रिटनने हे वीस वर्षे आधी, १९६९ साली केले होते. पण अठरा वर्षांच्या मुलाला खासदार निवडण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानंतर काही वर्षांतच महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या. वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने रूढ केली. कारणे खोटी नव्हती : निवडणुकांत पैसा शिरला होता, मारामाऱ्या होत होत्या, बाहेरचे पुढारी कॉलेजच्या फाटकाशी उभे राहत होते. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि विधानसभेची निवडणूक समोर आल्याने पुढे ढकलल्या गेल्या.

दरवर्षी १७ सप्टेंबरला अंबाजोगाईत आणि बीडमध्ये मुक्तिसंग्रामाचे ध्वजवंदन होते. रांगेत उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांपैकी बहुतेकांचे नाव मतदारयादीत असते. ती मुले आमदार निवडू शकतात आणि खासदारही. आपल्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीविषयी, परीक्षेच्या लांबलेल्या निकालाविषयी किंवा शिष्यवृत्तीच्या अडकलेल्या रकमेविषयी बोलायला स्वतःच्या मतांनी निवडलेला एकही प्रतिनिधी मात्र त्यांच्यापाशी नसतो.